गाय खरंच दूध चोरते का?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी गप्प गप्प बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, "बाई, आमची गाय दूध चोरतीय. चौदा लिटरची दहावर आली. आजी म्हणते दृष्ट लागली. दादा म्हणतात, विकून टाकू." त्या दुधावरच घरच्या कर्जाचा हप्ता फिटत होता. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या गोठ्यात गेले. वर पत्रा तापलेला, खाली काळी-पांढरी एच.एफ. गाय. तोंडातून लाळ गळत होती, धापा टाकत होती आणि गव्हाणीतली वैरण तशीच!

गाय चोर नव्हती, ती बिचारी उकडून निघाली होती. कसं ते बघा. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. ओल्या गवताच्या ढिगात कधी हात घातलात? आतून गरम लागतो ना, तसंच. म्हणजे गाय पोटात भट्टी घेऊनच हिंडते! जास्त दूध द्यायचं तर जास्त खायला हवं, आणि जास्त खाल्लं की भट्टी मोठी. हवा तापली की ही उष्णता बाहेर पडत नाही. मग गाय खाणं कमी करते आणि दूध घटतं. गंमत म्हणजे, नुसतं कमी खाल्ल्यानं घटावं त्याहूनही ते जास्त घटतं, कारण शरीराची शक्ती अंग थंड ठेवण्यात जाते.

एच.एफ.चं मूळ गाव युरोपातल्या हॉलंड-जर्मनीकडचं. साधारण २५ अंशांपर्यंत ती खुशीत असते. आपली गीर किंवा देवणी पाहा. गळ्याखाली लोंबणारी पोळी, सैल कातडी, आखूड तुळतुळीत केस. घामही जास्त येतो. ऊन सोसते, पण दूध कमी. हे सारं आईबापांकडून आलेल्या जनुकांमुळे.

मग दोन्ही गुण एकत्र आणता येतील का? ब्राझीलमध्ये आपली गीर आणि होलस्टीन यांच्या संकरातून 'गिरोलांडो' जात तयार झाली. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं गीर, होलस्टीन आणि जर्सी मिळून 'फुले त्रिवेणी' केली. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गाईंची तर कमालच! त्यांच्यातल्या एका जनुकामुळे केस अगदी आखूड होतात. तो कोणता, हे २०१४ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. तो जनुक होलस्टीनमध्ये आणल्यावर त्या गाई उन्हातही थंड राहिल्या आणि त्यांचं दूधही कमी घटलं.

अर्थात माझ्या विद्यार्थिनीच्या गाईचे जनुक काही बदलता येणार नव्हते. दादांनी पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, कडेनं ओली बारदानं बांधली, सावलीत पाण्याचं पिंप ठेवलं. वैरण पहाटे आणि रात्री टाकायला लागले. दहाएक दिवसांत गाय बारा लिटरवर आली. चौदा मात्र पहिला पाऊस पडल्यावरच झाले.

विकायची गोष्ट मागं पडली. आजीनं गाईच्या गळ्यात काळा दोरा बांधलाच. मी काही बोलले नाही.