जमा आधी, खर्च नंतर

आपल्या 'जमाखर्च' या शब्दात जमा आधी येते, खर्च मागाहून. मी कवी, त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दाकडे जाते. क्रेडिट कार्डाने हा क्रमच उलटा केला : खर्च आज, जमा पुढच्या महिन्यात!

माझ्या भाच्याच्या कार्डावर २०,००० रुपये थकले होते. "मामू, दरमहा हजार भरतो, तरी कर्ज हलत नाही," तो म्हणाला. आम्ही कागद घेऊन बसलो. महिना ३ टक्के दराने व्याज ६०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १०८ रुपये. म्हणजे हजारातून मुद्दल फिटले अवघे २९२! शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

अशाने २०,००० फिटायला तीन वर्षे लागतात. तेच दरमहा ३,००० भरले, तर आठ महिने पुरतात. पहिल्याच महिन्यात पैसे तिप्पट, पण मुद्दल जवळजवळ आठपट फिटते.

वरचे दोन हजार आणायचे कुठून? आधी कार्ड कपाटात ठेवा. रोज रात्री दिवसाचा खर्च वहीत लिहा. गळती कुठे आहे ते महिन्याभरात दिसते. देणी अनेक असतील, तर प्रत्येकापुढे व्याजदर मांडा. कोणताही हप्ता थकवू नका, मात्र उरलेला पैसा सर्वांत महाग कर्जात घाला. नातेवाइकांचे बिनव्याजी पैसे कधी देणार, तेही त्यांना स्पष्ट सांगा. तिथे व्याज नसते, पण नाते पणाला लागलेले असते.