चार तरींचा रस्ता

समुद्राकाठचा रस्ता सपाट असतो हा समज बहुधा मरीन ड्राइव्हवर फिरून झालेला असावा. रेवसहून रेडीकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर सायकल घातली की पहिल्याच दिवशी तो मोडतो. नकाशात हा रस्ता किनाऱ्याला चिकटलेला दिसतो. प्रत्यक्षात तो जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो, नारळी-पोफळीच्या वाडीत उतरतो, खाडीच्या तोंडाशी जाऊन थांबतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा चढायला लागतो. सह्याद्री इथून फार लांब नाही. त्यातून निघणाऱ्या नद्या आखूड आणि घाईच्या, आणि समुद्राला भेटताना मात्र ऐसपैस पसरलेल्या. त्यांनी सडा जिथे जिथे कापला, तिथे तिथे सायकलवाल्याच्या मांड्यांचा हिशेब होतो.

पूर्ण मार्ग पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दमात तो करणारे आहेत, त्यांना नमस्कार. इथे सांगायचं आहे ते मधल्या तुकड्याबद्दल, मुरूडपासून गणपतीपुळ्यापर्यंतच्या. या तुकड्यात चार मोठ्या खाड्या लागतात आणि चारही फेरीबोटीने ओलांडायच्या असतात. जुनी माणसं अजूनही तिला ‘तर’च म्हणतात. किलोमीटरचे दगड इथे फारसे उपयोगाचे नाहीत. आज किती तरी झाल्या, एवढं विचारावं.

जायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे. थंडीच्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तो साधारण वायव्येचा, म्हणजे पाठीवर. उलट दिशेने आलेल्यांची तोंडं पाहिली की हा सल्ला पटतो. मुंबईकराने भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो धरावी, सायकल तीत सहज जाते. अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई करत मुरूडला मुक्काम. परतीला रत्नागिरीहून कोकण रेल्वे आहे, सायकल पार्सल म्हणून चढवायची. चार दिवस पुरतात, पाच असले तर जेवणं नीट होतात. गिअरपेक्षा ब्रेक तपासून निघा, कारण इथले उतार आंधळ्या वळणांचे आहेत आणि वळणामागे म्हैस असू शकते. ट्यूबा आपल्या आपण न्याव्या. गावातल्या दुकानात साध्या सायकलची मिळेल, बारीक टायरची मिळेलच असं नाही.

मुरूड सोडल्यावर राजपुरीच्या खाडीत जंजिरा दिसतो. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. संभाजीराजांनी समुद्रात भराव टाकून तो गाठायचा प्रयत्न केला, तोही तडीला गेला नाही. त्याच्या नाकासमोर शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग जरा लांबून बघावा लागतो. किल्ल्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्यांत पर्यटकांची गर्दी असते. सायकलवाल्याने मात्र पुढे आगरदांड्याला जाऊन पहिली तर धरावी आणि पाण्यावरूनच या मुलखाची रचना समजून घ्यावी. खाडीचं तोंड ज्याच्या हातात, आतला सगळा व्यापार त्याच्या हातात. सिद्दी इतकी शतकं का टिकले, ते पुस्तकापेक्षा या वीस-पंचवीस मिनिटांत जास्त कळतं.

दिघीला उतरून दिवेआगर. तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता या प्रवासातला सर्वांत देखणा. उजव्या हाताला समुद्र इतका जवळ की काही ठिकाणी पॅडल मारायचं विसरायला होतं. सुपारीच्या बागा मात्र अजून पूर्ण सावरलेल्या वाटत नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर पीक हाती यायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे श्रीवर्धनच्या रोठा सुपारीबद्दल इथल्या माणसाशी बोलताना सूर आपोआप खाली येतो.

हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याला दुसरी तर. माझ्या मते हीच या मार्गाची खरी मधली गाठ. समोर सावित्री. ती महाबळेश्वरात उगम पावते आणि इथे समुद्राला मिळताना रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांची सीमा होते. उत्तरेच्या अंगाला श्रीवर्धन, म्हणजे पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव. दक्षिणेच्या काठावर वेळास, नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धन सोडून खाडी ओलांडून वेळासला आले आणि तिथून भानूंना सोबत घेऊन घाटावर गेले, असं सांगतात. पुढची शंभर वर्षं पुण्याहून ज्यांनी राज्य चालवलं, ती दोन्ही घराणी या एका खाडीच्या दोन काठांवरची. पेशवाईवर ग्रंथ लिहिणाऱ्याने एकदा तरी ही तर धरायला हरकत नाही.

वेसवीला उतरून बाणकोटकडे वळलं की किल्ला लागतो. आंग्र्यांनी त्याला हिम्मतगड म्हटलं, अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी घेतल्यावर तो फोर्ट व्हिक्टोरिया झाला. याच खाडीत 1853 मध्ये आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्ही मुलगी नाव बुडून गेली. महाबळेश्वरचा आर्थर सीट पॉइंट त्याच्याच नावाचा. तिथे उभं राहून आपण सगळे सावित्रीचं खोरं पाहून, फोटो काढून, मक्याचं कणीस खाऊन परत येतो. ती नदी खाली कुठे जाते हा प्रश्न मला तरी बाणकोटला पोचेपर्यंत पडला नव्हता.

वेळासला मार्चच्या सुमारास गेलात तर कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून हे काम उभं केलं. अंडी खाणारं गाव अंडी राखणारं झालं आणि घरोघरी पाहुण्यांची सोय झाली. सायकलवाल्याला याचा फायदा असा की रात्री गरम भात, आमटी, कोकमाचं सार हमखास मिळतं.

पुढे केळशी, अंजर्ले, हर्णै. अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती नावाप्रमाणे कड्यावर आहे, आणि दर्शनाला आधी घाम अर्पण करावा लागतो. त्या गावच्या जोग नदीवर आता पूल आहे. पुलावरून सायकल अर्ध्या मिनिटात जाते. मला नदी होती हे हर्णैला चहा पिताना आठवलं. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो आणि समोर सुवर्णदुर्ग असतो. लिलावाची बोली कळत नाही, तरी उभं राहावं.

दाभोळला उतरणारी वाट लांब आणि वळणांची. बंदर आता शांत असलं तरी बहमनी आणि आदिलशाही काळात इथून अरबस्तान-इराणकडे गलबतं सुटत. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, तेव्हा विकायला एक घोडा बरोबर घेऊन आला होता. दख्खन फिरून परत जाताना त्याने जहाज धरलं ते दाभोळहून. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आपण चौलवरून निघून दाभोळला पोचतो तेव्हा त्याच्या येण्या-जाण्याची दोन टोकं सायकलवर जोडलेली असतात, फक्त आपलं वाहन दाणा मागत नाही. निकितीन गेल्यानंतर काही दशकांतच, 1508 च्या अखेरीस, पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं. पाण्याकाठी आदिलशाहीतली घुमटाची मशीद आहे. तिच्या पायरीवर तरीची वाट बघत बसायला गार वाटतं.

तिसरी तर वाशिष्ठीवरची, दाभोळ ते धोपावे. या पाण्यात एक गंमत आहे. कोयना नदी पूर्वेला जाणारी, कृष्णेला मिळणारी. पण धरणातलं पाणी विजेसाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडतात, ते कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. बंगालच्या उपसागराला जायचं पाणी वीज करून दाभोळला अरबी समुद्रात पडतं, आणि पलीकडच्या अंजनवेलला उभा असतो एकेकाळी एन्रॉन म्हणून गाजलेला दुसरा वीजप्रकल्प. त्याच्या शेजारी गोपाळगड. गुहागरात व्याडेश्वराच्या देवळाजवळ जेवण, मग वेळणेश्वर, हेदवी. या पट्ट्यात चढ-उतार इतके सलग येतात की त्यांचं वर्णन न केलेलं बरं.

आता पुलांचं. सागरी महामार्गाची कल्पना मुख्यमंत्री अंतुले यांच्या काळापासूनची. बाणकोटच्या खाडीवर सुरू होऊन मध्येच थांबलेलं पुलाचं काम लोकांनी बरीच वर्षं पाहिलं, आणि आता या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं पुन्हा ठरलं आहे. चार दिवसांच्या पाहुण्याने यावर हळहळणं फाजीलपणाचं आहे. रात्री दुखणेकऱ्याला घेऊन शेवटची तर चुकली तर काय होतं, हे काठावरच्या गावांना विचारावं. तर नसली की खाडीला वळसा घालून जाण्यात तास-दोन तास सहज जातात. पूल व्हायलाच हवेत. फक्त ज्याला हा रस्ता थांबत थांबत करायचा आहे, त्याने फार उशीर करू नये.

चौथी तर तवसाळची. शास्त्री नदीचं तोंड रुंद आहे, समोर जयगडचा बुरूज आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे नव्या बंदराच्या क्रेना. पलीकडे मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, आणि मग गणपतीपुळे. दोन्ही संध्याकाळच्या आत गाठता येतात. बोटीवर आधी मोटारी चढतात, मग मासळीच्या पाट्या बांधलेल्या मोटारसायकली, आणि राहिलेल्या कोपऱ्यात कठड्याला टेकून सायकल. पाणी शांत असतं. तिकीट फाडणारा भरलेल्या पिशव्यांकडे बघतो, मग हनुवटीने जयगडच्या जेटीमागे दाखवतो. चढ तिथूनच सुरू होतो.