चार अल्बम आणि दोन टेपरेकॉर्डर

हॉस्टेलवर साधारण दोन प्रकारची गाणी वाजतात. एक, गणपतीत नाचायला लागतात ती. आणि दुसरी, रात्री दोन वाजता कुणा प्रेमभंगवाल्याच्या रूममधून येतात ती. या दोन्ही खात्यांत न बसणारं संगीत मी गेली दोन वर्षं ऐकतोय. ते लावलं की रूमपार्टनरचा प्रश्न ठरलेला, "पंख्याचं बेअरिंग गेलं काय रे?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. या संगीतात ताल नाही, बहुतेक वेळा शब्द नाहीत, आणि दहा मिनिटांनंतरही आपण जिथे होतो तिथेच असतो. याला 'ॲम्बियंट' म्हणतात. त्यातच एखादा स्वर न तुटता धरून ठेवला की झाला 'ड्रोन'. (लग्नात डोक्यावरून उडणारा ड्रोन वेगळा!) ड्रोन आपल्याला नवा नाही. गवई गायला बसण्याआधी जो तंबोरा जुळवतो, तो म्हणजे ड्रोनच. फरक एवढाच, की आपण तंबोऱ्यावर गाणं उभं करतो. या मंडळींनी कधी कधी नुसता तंबोराच मैफल म्हणून सादर केला.

आता या लेखाचा विषय. मी चार अल्बम निवडलेत. चारही एकाच घराण्यातले, कारण चारही टेपच्या वेटोळ्यांतून जन्मले. म्हणजे तुलना करायला सोयीचे.

यंत्र कसं चालतं?

दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवा. पहिला रेकॉर्ड करतो. त्याची टेप रिळावर गुंडाळून न घेता थेट दुसऱ्या रेकॉर्डरकडे न्या. दुसरा तीच टेप वाजवतो आणि त्याचा आवाज वायरने परत पहिल्याला देतो. बस्स! टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटीमीटर आणि दोन हेडमधलं अंतर एक मीटर असेल, तर वाजवलेला स्वर सव्वापाच सेकंदांनी परत येतो, पुन्हा रेकॉर्ड होतो, पुन्हा येतो. दर फेरीला आवाज ०.८ पट होत असेल, तर तिसऱ्या फेरीला तो निम्मा होतो आणि दहाव्या फेरीला जेमतेम एक दशांश उरतो. 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'वाल्यांच्या लक्षात आलंच असेल, हा आपला फीडबॅक कोम्ब फिल्टर. आपण तो परीक्षेत सोडवतो, या लोकांनी तो वाजवला.

ही रचना अमेरिकन संगीतकार टेरी रायली याने १९६३ मध्ये पॅरिसला फ्रेंच रेडिओच्या एका इंजिनिअरच्या मदतीने वापरली होती. हाच रायली पुढे १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, आणि तंबोरा सुरात लागण्याबाबत कमालीचे आग्रही. ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे हे घराणं आपल्याकडे रुजलं, ते मिरजेत स्थायिक झाले होते, आणि मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. तेव्हा हे 'फॉरेनचं काहीतरी' आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

१) नो पुसीफूटिंग (१९७३)

'किंग क्रिम्सन' या रॉक बँडचा गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन इनो. फ्रिप गिटारवर एक स्वर लांबवतो, इनोचं यंत्र त्याचे थर चढवतं. चांगला जाड तंबोरा तयार झाला की फ्रिप त्यावर गिटार वाजवू लागतो. 'द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन' हा तुकडा रेकॉर्डची जवळजवळ एक अख्खी बाजू व्यापतो. इथे अजून 'कलाकार' समोर उभा आहे. आलापी ऐकायची सवय असणाऱ्याला चारांमधला हाच अल्बम सगळ्यात लवकर पचेल. पण पी.एल.मध्ये अभ्यासाला लावू नका, गिटार मध्येच कॉलर धरते.

२) डिस्क्रीट म्युझिक (१९७५)

१९७५ च्या सुरुवातीला इनोला अपघात झाला आणि तो अंथरुणाला खिळला. एका मैत्रिणीने त्याला वीणेसारख्या 'हार्प' वाद्याची रेकॉर्ड आणून दिली. त्याने ती कशीबशी लावली, पडून राहिला, आणि मग कळलं की आवाज फारच कमी आहे आणि एक स्पीकर मुकाच आहे. उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस. संगीत पावसात मिसळून गेलं. असंही ऐकता येतं, हे त्याला तेव्हा उमगलं, असं त्याने स्वतःच अल्बमवर लिहून ठेवलंय.

या अल्बमची पहिली बाजू म्हणजे सिंथेसायझरवरच्या दोन छोट्या धुना. दोघींची लांबी वेगळी, म्हणून त्या दर वेळी वेगळ्या ठिकाणी भेटतात. पुढे तेच दोन टेपरेकॉर्डर. अल्बमच्या मागच्या बाजूला चक्क ब्लॉक डायग्राम छापलाय! इनोने यंत्रणा जोडली, सुरू केली आणि मग शक्य तितकं बाजूला राहायचं ठरवलं. पहिल्या अल्बममध्ये यंत्र साथीला होतं, इथे माणूस साथीला आहे. मोठा फरक आहे हा.

३) म्युझिक फॉर एअरपोर्ट्स (१९७८)

इथे इनोने आणखी एक पाऊल टाकलं. 'टू-वन' या तुकड्यात गाणाऱ्यांचे नुसते 'आऽऽ' आहेत. प्रत्येक स्वराची टेप कापून तिची टोकं जोडली आणि गोल फिरत ठेवली. इनोने पुढे एका भाषणात तीन लूप्सच्या लांब्या अंदाजाने सांगितल्या: २३ १/२, २५ ७/८ आणि २९ १५/१६ सेकंद. हे आकडे काटेकोर धरून मी मेसमध्ये पेपर नॅपकिनवर ल.सा.वि. काढला. एक सेकंदाचे सोळा भाग केले तर आकडे येतात ३७६, ४१४ आणि ४७९. यांचा ल.सा.वि. ३,७२,८१,५२८. म्हणजे २३,३०,०९५ सेकंद आणि वर अर्धा. म्हणजे जवळजवळ २७ दिवस! फक्त तीन लूप्स, आणि तोच नमुना पुन्हा यायला २७ दिवस. अल्बममध्ये आपल्याला त्यातली काही मिनिटं ऐकू येतात.

याच अल्बमवर 'ॲम्बियंट १' असं छापलं आणि नाव रूढ झालं. इनोची अट अशी, की हे संगीत लक्ष देऊन ऐकावं इतकं चांगलं हवं आणि दुर्लक्ष केलं तरी रागावणारं नको. १९८० मध्ये ते न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर खरोखर वाजवलंही गेलं. 'डिस्क्रीट'पेक्षा हा अल्बम मला जास्त मोकळा वाटतो, कारण यात शांततेला जागा आहे. 'डिस्क्रीट'मध्ये शेपूट संपतच नाही. इथे स्वर येतो, विरतो, आणि पुढचा कधी येईल ते कळत नाही.

४) द डिसइंटिग्रेशन लूप्स (२००२-०३)

विल्यम बासिन्स्की या न्यूयॉर्कच्या संगीतकाराने १९८० च्या दशकात काही लूप्स केली होती. २००१ मध्ये त्याने ती कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय पूड. वीस वर्षांत तो चिकटपणा गेला होता. लूप फिरत राहिली आणि प्रत्येक फेरीला थोडी पूड गळत गेली. त्याने यंत्र थांबवलं नाही. पहिला तुकडा तासाभराचा आहे. सुरुवातीला भरदार सूर, मग मध्ये बारीक भोकं, मग भोकंच जास्त आणि सूर कमी. त्याच दिवसांत ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. ब्रुकलीनच्या गच्चीवरून त्याने तो धूर पाहिला आणि हे काम मृतांना अर्पण केलं.

इनोच्या लूप्स कायम टिकतील असं गृहीत धरून फिरतात. ही लूप मरते. चौघांत याच अल्बमला शेवट आहे.

हे ऐकल्यावर मला आमच्या घरची कॅसेट आठवली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या काकांनी कधीतरी रेकॉर्ड केलेल्या. आजी जाऊन आता नऊ वर्षं झाली. कॅसेट बिघडेल या भीतीने बाबा ती कुणाला लावू देत नव्हते, म्हणजे आवाज होता आणि नव्हताही. दिवाळीच्या सुट्टीत मी लॅबमधल्या काकांकडून जुना डेक मागून नेला, हेड स्पिरिटने पुसला, आधी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मगच प्ले दाबलं. कारण पहिली फेरी हीच शेवटचीही असू शकते, हे बासिन्स्कीने शिकवलं होतं. दोन ओव्या दबलेल्या आल्या, एक मध्येच तुटली. बाकी सगळी आजी आली. बाबांनी फाइल त्याच रात्री चार वेळा ऐकली.

तर मग काय ऐकावं?

शास्त्रीय संगीताचा कान असेल तर फ्रिप-इनोपासून सुरुवात करा. झोप येत नसेल तर 'डिस्क्रीट', आवाज अगदी कमी ठेवून. सबमिशनच्या रात्री 'एअरपोर्ट्स'. बासिन्स्की मात्र काम करता करता नको. तासभर मोकळा ठेवा, मोबाइल बंद करा.

आणि घरी एखादी जुनी कॅसेट असेल, तर पुढच्या सुट्टीत तिच्याकडे बघा. पण प्लेच्या आधी रेकॉर्डचं बटण दाबा.