कॉम्प्युटर सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

बाळापूर : पीक विम्याचा फॉर्म भरायचा आहे, पाच-सहा जण सातबारा हातात घेऊन बसलेत आणि तेवढ्यात लाईन गेली. लाईन आल्यावर बटन दाबलं, तर कॉम्प्युटर कंपनीच्या नावापाशीच अडकला. गोल फिरतं, निळी स्क्रीन येते, पुन्हा तेच. "सुरूच नाही होऊन राहिला भाऊ," म्हणत आपण सीपीयू मोटारसायकलवर बांधतो आणि बाळापूर नाहीतर अकोला गाठतो. तिथे अनेकदा ऐकायला मिळतं, 'फॉरमॅट मारावा लागेल.'

जरा थांबा. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. तो मारला की डेस्कटॉपवरच्या पावत्या, दाखल्यांचे स्कॅन, लग्नाचे फोटो सगळं जाऊ शकतं.

नेमकं बिघडतं काय?

विंडोज हजारो फाइल्सवर चालते. अपडेट सुरू असताना लाईन गेली तर त्यातली एखादी फाइल अर्धवट राहते आणि विंडोज उभीच राहत नाही. तुमचे कागद मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा जसेच्या तसे असतात. ट्रॅक्टरचं स्टार्टर गेलं म्हणून ट्रॉलीतलं सोयाबीन खराब होत नाही, तसंच हे.

मोठमोठ्या कंपन्यांचंही असं होतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्या देशातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची. फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

आधी हे तपासा

पेनड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन सगळं काढून पुन्हा सुरू करा. कधीकधी मागे राहिलेला पेनड्राइव्हच अडथळा असतो. 'नो बूटेबल डिव्हाइस' असं दिसत असेल किंवा हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर बंद करा आणि जाणकाराकडे न्या. तो दोष डिस्कचा असू शकतो. अशी डिस्क जितकी चालवाल तितका डेटा जायचा धोका वाढतो.

दुरुस्तीच्या पडद्यावर कसं जायचं?

विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटन दहा सेकंद दाबून कॉम्प्युटर बंद करा. असं दोन-तीन वेळा केलं की 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं. (एरवी मात्र असं कधी बंद करू नका.) नाहीच आलं, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा. तो फुकट बनतो, ८ जीबीचा पुरतो. पण त्यात आधीचं असेल ते पुसलं जातं. त्यावरून सुरू केल्यावर 'इन्स्टॉल' दाबू नका, 'रिपेअर'चा पर्याय निवडा.

तिथे 'ट्रबलशूट' आणि मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. लॅपटॉपने ४८ अंकी बिटलॉकर की मागितली, तर घाबरू नका. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मोबाइलवरून बघता येते.

क्रम हाच ठेवा

१. आधी फाइल्स वाचवा. 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'नोटपॅड' असं इंग्रजीत टाइप करा. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन दाबा आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता 'युजर्स' फोल्डरमधले तुमचे कागद कॉपी करून पेनड्राइव्हवर टाका. इथेच बघून घ्या, 'विंडोज' फोल्डर कोणत्या ड्राइव्हवर दिसतो. इथे सी चा डी झालेला असू शकतो.

२. स्टार्टअप रिपेअर चालवा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

३. अपडेटनंतर बिघडला असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स, नाहीतर सिस्टम रिस्टोअर करून पाहा.

४. तरीही नाही झालं, तर पुन्हा कमांड प्रॉम्प्ट. आधी डिस्क तपासणी: सीएचकेडीएसके सी: /एफ. मग फाइल दुरुस्ती: एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज. या कमांड टाइप इंग्रजीतच करायच्या. 'डिर' म्हणजे डी-आय-आर. प्रत्येक '/' या रेघेआधी एक जागा सोडा. तुमचा ड्राइव्ह डी दिसत असेल तर सी च्या जागी डी लिहा. नुसतं एसएफसी /स्कॅननाऊ इथे चालत नाही, हीच चूक खूप जण करतात. वेळ लागतो, मधात बंद करू नका.

५. शेवटी रिसेट धिस पीसी, त्यात 'कीप माय फाइल्स' निवडा. फाइल्स राहतात, पण सॉफ्टवेअर जातात. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस आणि प्रिंटर पुन्हा टाकावे लागतील.

पुढे असं होऊ नये म्हणून

छोटा का होईना यूपीएस घ्या. अपडेट सुरू असताना मेन स्विच बंद करू नका. विम्याची शेवटची तारीख जवळ आली की कामाच्या फाइल्स रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घ्या. आणि दुकानात न्यायचीच वेळ आली, तर सीपीयू टेबलावर ठेवताना पहिलं वाक्य हेच बोला : "भाऊ, आधी डेटा काढा, मग बाकीचं पाहू."