क्ष च्या जागी पूर्ण राशी ठेवली तर?

बहुपदीत क्ष = ३ ठेवून किंमत काढणं तुम्हाला जमतं. पण क्ष च्या जागी क्ष + १ ठेवा म्हटलं, की बरेच जण थबकतात. मी एकच युक्ती सांगतो: क्ष पुसा, तिथे रिकामा कंस काढा, आणि प्रत्येक कंसात तीच राशी भरा.

उदाहरण ऑयलर यांचं घेऊ. त्यांनी १७७२ मध्ये क्ष² − क्ष + ४१ ही बहुपदी दिली. तिच्यात क्ष + १ भरू:

(क्ष + १)² − (क्ष + १) + ४१
= क्ष² + २क्ष + १ − क्ष − १ + ४१
= क्ष² + क्ष + ४१

दोन जागा जपा. (क्ष + १)² मधलं २क्ष विसरू नका, आणि वजा चिन्ह कंसातल्या दोन्ही पदांना लावा.

या नव्या रूपाला प(क्ष) म्हणू. क्ष = ०, १, २ ठेवलं तर ४१, ४३, ४७ मिळतात. क्ष = ३९ पर्यंत सगळ्या ४० किमती मूळ संख्याच! मग पुढेही असंच चालेल का? क्ष = ४० ठेवा: १६८१, म्हणजे ४१ × ४१. साखळी तुटली.

ती पुन्हा कुठे तुटेल, हे एकेक संख्या न तपासता कळेल का? इथे राशी कामी येते. प(क्ष) ची किंमत म माना आणि क्ष च्या जागी क्ष + म ठेवा:

प(क्ष + म) = (क्ष + म)² + (क्ष + म) + ४१
= (क्ष² + क्ष + ४१) + २ × क्ष × म + म² + म

पहिला कंस म्हणजे म च. आता प्रत्येक पदात म आहे, तो बाहेर काढू:

= म × (म + २क्ष + २)

आणि प(क्ष + १) = क्ष² + ३क्ष + ४३, म्हणजे नेमकं म + २क्ष + २. म्हणून

प(क्ष + म) = प(क्ष) × प(क्ष + १)

पडताळा घ्या. क्ष = १ असता म = ४३. प(४४) = १९३६ + ४४ + ४१ = २०२१, आणि ४३ × ४७ सुद्धा २०२१.

क्ष = ०, १, २, ३… असं कितीही पुढे गेलात तरी प्रत्येक वेळी एक संयुक्त संख्या हाती येते. चाळीस उदाहरणं जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला असं नाही. तो कुठे मोडतो हे मात्र एका राशीने दाखवलं.

आता वही घ्या. क्ष = २ साठी म काढा, प(४९) चे अवयव पाडा, आणि मगच पुढचा भाग उघडा.