धानाचे तूस आणि डोळ्यातील फूल

वैनगंगेवर गोसीखुर्द येथे ज्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, त्याच्या पाण्यावर धानाच्या बांध्या भिजतात. कापणी-मळणीच्या दिवसांत तुसाचा कण किंवा लोंबीचे टोक डोळ्याला लागते. जखम क्षुल्लक वाटते. परंतु तिच्यावाटे फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारखी बुरशी पारपटलात, म्हणजे बुबुळावरील काचेसारख्या पडद्यात शिरते. व्रण भरला तरी पांढरा डाग उरतो. त्यालाच ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात.

दाट डागावर मुख्य उपाय पारपटल-रोपणाचा. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली ते प्रथम यशस्वी केले. मात्र नेत्रदाते गरजेपेक्षा फार थोडे; म्हणून कृत्रिम पारपटलाचा शोध सुरू झाला. मे ग्रिफिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये घडविलेले मानवी कोलॅजन स्वीडनमधील दहा रुग्णांच्या डोळ्यांत बसवून २०१० साली निष्कर्ष मांडले. २०२२ साली लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी डुकराच्या कातडीतील कोलॅजन वापरून भारत व इराणमधील वीस रुग्णांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध झाले. प्राणिज द्रव्याविषयी ज्यांना संकोच वाटतो, त्यांना पहिला मार्ग अधिक जवळचा वाटेल.

तथापि हे वीस रुग्ण पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याच्या विकाराचे होते. संसर्गाने पोळलेल्या डोळ्यातील रोपणाला पुन्हा जंतूंचे भय असते. म्हणून शरीरातच निर्माण होणारे एलएल-३७ हे जंतुरोधक द्रव्य रोपणातून हळूहळू पाझरविण्याचा प्रयत्न ग्रिफिथ यांच्या गटाने केला. प्रयोगशाळेत निरोगी पेशींचे हर्पीस विषाणूपासून रक्षण झाले. आधीच बाधित झालेल्या पेशींतील विषाणू मात्र हटला नाही. दार राखता आले, आत शिरलेल्याला घालविता आले नाही.

यातील बोध धान, भुसार आणि औषधांचा व्यापार करणाऱ्या कुटुंबांना सहज आचरता येण्याजोगा आहे. खळ्यावर व गिरणीत राबणाऱ्यांना संरक्षक चष्मे द्यावेत. डोळा लाल होऊन दुखू लागताच रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे. स्टेरॉइडचे थेंब बुरशीला बळ देतात. चिठ्ठीवाचून ते दुकानातून कधीही देऊ नयेत. आणि घरात मृत्यू घडल्यास सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे, कारण आज तरी फूल पडलेल्या डोळ्याची मोठी आशा दात्याच्या पारपटलावरच आहे.