दुर्बिणीच्या पेटीतला चरस

लंडनच्या माँटेग्यू स्क्वेअरमधल्या एका फ्लॅटवर १८ ऑक्टोबर १९६८ रोजी पोलिसांनी छापा घातला. बरोबर वास काढणारी कुत्री होती. दुर्बीण ठेवायच्या पेटीत आणि घरात इतरत्र मिळून जेमतेम चौदा ग्रॅम चरस सापडला. फ्लॅट बीटल्समधल्या रिंगो स्टारचा, राहत होते बीटल्समधलाच जॉन लेनन आणि त्याची जोडीदार योको ओनो. लेननने गुन्हा कबूल केला. योको गरोदर होती आणि परदेशी नागरिकही. ती दोषी ठरली तर तिला देशाबाहेर काढतील, ही त्याची धास्ती. ती आरोपांतून सुटली, त्याला दीडशे पौंड दंड झाला आणि प्रकरण मिटलं.

मिटलं ते इंग्लंडपुरतं. १९७१ मध्ये लेनन अमेरिकेत आला आणि १९७२ मध्ये त्याला निघून जायला सांगण्यात आलं. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलणारा हा माणूस निक्सन सरकारला नकोच होता, पण कागदावर कारण होतं ते जुन्या दंडाचं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार, गांजा-चरस बेकायदा बाळगल्याबद्दल जगात कुठेही दोषी ठरलेल्याला दार बंद. किती बाळगला, याला महत्त्वच नाही. योकोची हद्दपारी टळावी म्हणून दिलेली कबुली आता लेननच्याच हद्दपारीचा आधार झाली. मार्च १९७३ मध्ये आदेश निघाला: योकोने राहावं, लेननने साठ दिवसांत देश सोडावा.

लेनन अपिलात गेला. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झालो होतो, आजही होतो. त्या दिवशी फ्लॅटमध्ये नेमकं काय घडलं, यावर न्यायमूर्ती आयर्व्हिंग कॉफमन यांनी निकाल बेतलाच नाही. त्यांनी इंग्लंडचा १९६५ चा कायदा समोर घेतला आणि पाहिलं, की या कायद्याखाली दोषी ठरायला कमीत कमी काय लागतं? उत्तर निघालं, की वस्तू ताब्यात असली की पुरे. ती काय आहे हे ठाऊक असायलाच हवं, असं नाही. निकालपत्रात दाखला आहे: कुणी ॲस्पिरिन समजून गोळ्या जवळ ठेवल्या आणि त्यांत हेरॉईन निघालं, तरी त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो गुन्हेगारच. अमेरिकेच्या कायद्याला मात्र जाणूनबुजून बाळगणं अभिप्रेत होतं. म्हणजे नाव एकच असलं तरी हे दोन गुन्हे एक नव्हेत. २७ जुलै १९७६ रोजी लेननला ग्रीन कार्ड मिळालं.

तर गुन्हा सीमेवर जसाच्या तसा पोचत नाही. तिथे त्याचं भाषांतर होतं, आणि ते करणारा शब्दकोश त्या देशाचा असतो.

कॅनडाच्या सीमेवर हेच उलट्या दिशेने घडतं. दारू पिऊन गाडी चालवणं हा पहिल्या वेळी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत किरकोळ गुन्हा धरतात. दंड, परवाना काही काळ बंद, संपलं. कॅनडाचा अधिकारी ती शिक्षा पाहून थांबत नाही. हेच कृत्य आपल्या देशात केलं असतं तर जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकली असती, हे तो बघतो. १८ डिसेंबर २०१८ रोजी कॅनडाने ही कमाल मर्यादा पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली. त्या दिवसानंतर असा गुन्हा केलेला अमेरिकी माणूस कॅनडाच्या लेखी 'गंभीर' गुन्हेगारांत मोडू लागला. त्याच्या गावच्या कोर्टात काहीच बदललं नव्हतं. बदललं ते ओटावात. अशा माणसालाही प्रवेशाचा तात्पुरता परवाना मागता येतो, आणि शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं लोटली की आपण सुधारलो आहोत असा अर्जही करता येतो. मला ही वाट ठेवलेली फार माणुसकीची वाटते.

आपल्याकडचे आजी-आजोबा नातवंडांकडे अमेरिकेला निघताना व्हिसासाठी जो डीएस-१६० अर्ज भरतात, त्यातही हा प्रश्न आहेच: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुम्ही कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का, पुढे माफी मिळाली असली तरी? प्रश्नात अटकही येते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. 'हो' लिहिलं म्हणून दार बंद होतंच असं नाही. कायदा ज्याला नैतिक अधःपतन म्हणतो तसा, समजा दुकानातल्या चोरीचा, एकच गुन्हा असेल, त्याला जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाच्या वर नसेल आणि प्रत्यक्षात सुनावलेली शिक्षा सहा महिन्यांच्या वर गेली नसेल, तर अमेरिकेचा कायदा त्याला किरकोळ मानून सूट देतो. यातला पहिला आकडा कायद्याच्या पुस्तकात सापडतो, दुसरा निकालपत्रात. म्हणून कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी, वीस वर्षं झाली असली तरी. कलमाचा क्रमांक तिच्यावरच छापलेला असतो, आणि व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला तो पाहावा लागतो.